दाराजवळची जागा

कंट्रोलर अण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग माझ्याकडे. नमस्कार त्यानंतर झाला. मी सोफ्याकडे हात केला, पण ते उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बसून आम्ही बुटांच्या नाड्या बांधतो.

"अण्णा, इकडं बसा की. तिथं पंख्याचं वारं लागत नाही."

"पंख्याखाली बसतच न्हाय मी," ते म्हणाले. "तुमचा स्लॅब कितीचा?"

"पाच इंची." घर मी उभं राहून बांधून घेतलं होतं, त्यामुळे सळईची जाडीही सांगितली असती.

"आन् झोपायच्या खोलीपासून ह्या दारापातुर पावलं किती?"

हे मला माहीत नव्हतं. ते गेल्यावर मी मोजली. नसती मोजली तर बरं झालं असतं. मधे जेवणाच्या टेबलाचा कोपरा आडवा येतो आणि दाराची वरची कडी घाईत निघत नाही, हे त्या दिवशी कळलं ते कळलंच. अंथरुणाला पाठ टेकली की अजूनही तो कोपरा आणि ती कडी डोळ्यांपुढे येते. टेबल मी दुसऱ्याच दिवशी भिंतीकडे सरकवलं. बायको म्हणाली, "तुम्ही बोन्साय शिकायला निघालात का भीती शिकायला?"

दोन्ही अण्णांकडेच शिकलो.

अण्णा धाराशिवच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्या सोडणं, वेळा लावणं आणि माइकवरून पुकारणं हे त्यांचं काम. माझ्या कॉलेजच्या दिवसांत त्यांचा चेहरा मला माहीत नव्हता, आवाज मात्र पाठ होता. सपाट, खणखणीत, न अडखळणारा. तुळजापूरची गाडी असो की तेरची, आवाजात फरक नसे. निवृत्तीनंतर त्यांनी गावाच्या कडेला घर केलं आणि अंगणात झाडं वाढवायला घेतली. ती पाहायला एक-एक जण जाऊ लागला आणि त्याचं मंडळ झालं. आम्ही बारा-चौदा जण होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात जमायचो. मी दूध संघात हिशेबनीस आहे. दिवसभर लिटर आणि फॅट पाहिल्यावर झाडाकडे पाहावंसं वाटतं, म्हणून गेलो.

त्यांचं घर पाहून मी थोडा गोंधळलो. भिंती विटांच्या, पण कमरेएवढ्याच. त्यावर लोखंडी पाइप आणि पत्रा. उन्हाळ्यात आत बसवत नसे. घरात माळा नव्हता. डोक्याच्या वर फळी नव्हती, फोटो नव्हता, पंखाही टेबलावरचा. भांडी जमिनीवरच्या मांडणीत. आणि बाहेर वड, उंबर, चिंच, बोर, करवंद, सगळी झाडं गुडघ्याच्या खाली, बुटक्या फळ्यांवर ओळीनं मांडलेली. त्या अंगणात उभं राहिलं की आपणच सगळ्यांत उंच.

दाराच्या चौकटीला दोऱ्यानं एक स्टीलची पळी टांगलेली होती. तिच्या अंगाला लागून पितळी ताट. जमीन हलली की पळी ताटावर वाजणार, अशी ती योजना. वारा आला तरी ती वाजायची. मग अण्णा हातातलं काम टाकून उठत, अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभे राहत, पळी थांबेपर्यंत थांबत आणि परत येऊन अर्धी राहिलेली फांदी हातात घेत. पहिल्या एक-दोन वेळा आम्ही हसलो. नंतर पळी वाजली की आम्हीही हात थांबवू लागलो. त्यांच्या मागे अंगणात जाऊन उभं राहण्याचीही आम्हाला सवय लागली.

"दुसऱ्यांच्या घरी सून भांडी वाजवती," काकू म्हणायच्या. "आमच्या घरी पळी वाजवती, आन् मालक उठून पळतेत."

काकू म्हणजे त्यांची पत्नी. बारीक, काळ्यासावळ्या, हाताला पक्क्या. तार बांधण्यात त्यांचा हात अण्णांपेक्षा चांगला होता, हे अण्णाही सांगत. अण्णा त्यांना हाक मारताना "अगं" किंवा "ऐकलं का" म्हणत. त्यांच्या वयाची माणसं तसंच म्हणतात. काकूंचं नाव काय, हे मंडळात कोणालाच माहीत नव्हतं.

शिकवताना अण्णा थोडं स्थानकावरच्यासारखंच बोलत. "कुंडी बदलणारे सभासद डाव्या बाजूला, तार बांधणारे उजव्या बाजूला. चिंचवाल्यांनी पुढच्या महिन्यात यावं." एकदा औषधाच्या दुकानवाल्या महेशनं तार इतकी आवळली की फांदीची साल दबली. अण्णांनी कटरनं तार तुकड्या-तुकड्यानं कापून काढली. उलटी फिरवून काढली तर साल सोलली जाते, हे सांगितलं. मग म्हणाले, "म्हेश, तार झाडाला धरायला असती. आवळायला न्हाय."

कुंडी बदलताना मुळं छाटली की ते झाडाच्या बुंध्यावरून तार घेऊन कुंडीच्या भोकांतून खाली ओवत आणि झाड कुंडीला घट्ट बांधत.

"मुळं कापली की झाड घाबरतं," ते म्हणत. "त्याला सावलीत ठेवा. बोलू नका, उचलू नका, लोकांना दाखवू नका. हललं की नवी मुळं तुटत्यात. जे घाबरलंय त्याला हलू द्यायचं न्हाय."

एकदा कोणीतरी पाहुणा आला होता. त्यानं विचारलं, "काका, वडच लावायचा तर रस्त्याकडेला मोठा का नाही लावत? सावली तरी होईल."

"मोठं झाड पडतं," अण्णा म्हणाले.

"आणि हे?"

"हे पडलं तर माझ्या पायावर पडंल. पाय दुखंल. बास."

पाहुणा हसला. आम्ही हसलो नाही. अण्णांचं गाव सास्तूरच्या पलीकडचं, हे आम्हाला माहीत होतं. त्या बाजूचा माणूस छताकडे का पाहतो, हे आमच्या जिल्ह्यात कोणी विचारत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी मी शाळेत शिकत होतो. विसर्जनाच्या रात्रीची ती पहाट, खाट सरकली, आईनं दंडाला धरून बाहेर ओढलं. धाराशिवला तेवढ्यावर निभावलं, तिकडे गावंच्या गावं बसली. अण्णा त्यातून निघाले असणार, दगडाखाली सापडले असणार, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं.

त्यांचा एक नियम मात्र आम्हाला पटत नसे. बोन्साय करणाऱ्या माणसाला भिंतीत उगवलेला पिंपळ दिसला की तोंडाला पाणी सुटतं. भिंतीत माती नसते, त्यामुळे झाड वर्षानुवर्षं खुजं राहतं, बुंधा मात्र जाड होतो आणि मुळं पसरतात. जे करायला आम्हाला वीस वर्षं लागतील ते भिंत फुकटात करून ठेवते. पण अण्णा म्हणत, "ओढ्याच्या काठचं काढा. रस्त्याच्या कामात निघालं ते आणा. भिंतीतलं झाड आपल्या मंडळात यायचं न्हाय." पिंपळावरच्या मुंज्याची भीती असेल, असं आम्ही आपसात बोलायचो.

इनामदार मॅडमच्या घरची गोष्ट याच सुमाराची. या मंडळातल्याच, निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी दुमजली बंगला बांधला आणि गच्चीवर झाडं मांडली. एका रविवारी मंडळाला तिकडेच बोलावलं. अण्णा आले, पण फाटकातच थांबले.

"वर या ना अण्णा," मॅडम गच्चीतून म्हणाल्या.

"तुमचं चालू द्या. मला हितनं बी दिसतंय."

फाटकातून गच्चीवरची बुटकी झाडं दिसणं शक्य नव्हतं. आम्ही तारा बांधायला बसलो आणि थोड्या वेळानं जमीन गुरगुरली. आमच्याकडे अधूनमधून असा आवाज येतो. कोणी खाणीतला सुरुंग म्हणतं, कोणी आणखी काही. दुसऱ्या दिवशी 'भूकंपाची नोंद नाही' असं छापून येतं आणि लोक कामाला लागतात. पण आवाज चालू असतो तेव्हा नोंद आहे की नाही, हे कोणाला सुचत नाही. पायाखालून काहीतरी जड गडगडत गेल्यासारखं झालं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी कठड्याला धरलं.

तेवढ्यात खालून आवाज आला. तोच, माइकवरचा.

"गच्चीवरील सर्व सभासदांनी एकामागं एक जिन्यानं खाली यावं. जिन्यात थांबू नये. कठड्याला टेकू नये."

मी कठड्यावरचा हात काढला. आम्ही उतरलो, पळालो नाही, एकमेकांना ढकललं नाही. त्या आवाजात घाबरायला जागाच नव्हती. खाली अंगणात आलो तेव्हा गुरगुर थांबली होती. फाटकाची कडी मात्र खडखडत होती. जमीन शांत असताना ती का वाजते, हे मला आधी कळेना. मग दिसलं. फाटक अण्णांनी धरलं होतं.

काकू सगळ्यांच्या शेवटी खाली आल्या. एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात तारेचं भेंडोळं. "अर्धी फांदी ऱ्हायली माझी," म्हणाल्या. मग अण्णांकडे पाहून, "ह्यांचं काय, पळायला पयला नंबर! कुठं बी जावा, दाराजवळची जागा धरून बसत्यात."

सगळे हसले, भीतीनंतरचं हसू. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फाटक सोडलं आणि हात पाठीमागे घेतले.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी महेश सास्तूरच्या बाजूला गेला होता. आमच्या रविवारी त्यानं फोनमधला फोटो फिरवला. जुनं गावठाण, दगडांचे ढीग, वेडी बाभूळ, आणि मधे एकच उभी राहिलेली भिंत. भिंतीतल्या देवळीतून पिंपळ बाहेर आलेला. बुंधा मनगटापेक्षा जाड. मुळं दगडांवरून अशी उतरली होती, जसं कॅनवरून ओघळलेलं दूध जागीच गोठावं.

"पुढच्या आठवड्यात जेसीबी लागणार आहे तिथं," महेश म्हणाला. "सगळं सपाट करून पोरांना मैदान करणार म्हणे. अण्णा, तुमचा नियम मान्य. पण हे झाड मरणारच आहे."

फोन काकूंच्या हातात गेला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, डोळ्यांजवळ धरला, आणि बराच वेळ परत दिला नाही.

"ही आपली भित हाय," त्या म्हणाल्या. "चुलीमागची. त्या देवळीत मी दिवा ठिवत व्हते."

अण्णांनी फोन घेतला नाही.

"मला हे झाड पायजे," काकू म्हणाल्या.

"नगं."

"का नगं?"

"भिंत हाय."

"भित हाय म्हणूनच. जेसीबीखाली जाण्यापरीस माझ्या दारात येऊ दे. तुमी नका येऊ. म्हेश हाय, हे हिशेबवाले भाऊ हायेत, मी जाते."

अण्णा उठले आणि नळाकडे गेले. झारी भरून वाहू लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

मी काकूंना हळूच म्हणालो, "काकू, त्यांना त्रास होतो. जे झालं ते त्यांच्या अंगावर झालंय. दगडाखालून निघालेला माणूस..."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बेरीज चुकलोय हे मला लगेच कळलं.

"हे कुठं व्हते दगडाखाली? हे त्या राती गावातच नव्हते. हितं स्टँडवर रातपाळीला व्हते. घरात मी व्हते आन् सासूबाई. सासूबाई गेल्या. मी निघाले."

इतकी वर्षं आम्ही भीती एका माणसाच्या नावावर लिहिली होती आणि दगड दुसऱ्याच्या अंगावर पडले होते. आणि दगड पडलेलं माणूस गच्चीवरून सगळ्यांत शेवटी उतरत होतं.

काकू तार बांधत बांधतच बोलत राहिल्या. "हे आले तवा दिस वर आला व्हता. लोकं हातानं दगड काढत व्हती. ही भित अशी वाकून उभी. हे तिच्याजवळ आलेच न्हाईत. पाय उचलंना म्हणं. वाटंवर उभं ऱ्हाऊन हाका मारत व्हते."

"काय म्हणून?"

काकूंनी नळाकडे पाहून आवाज कमी केला. "नाव घेऊन. लगीन झाल्यापसनं कदी नाव घेतलं नव्हतं माजं. त्या दिवशी साऱ्या गावाम्होरं, गिरजा, गिरजा, गिरजा. स्टँडवर गाडी पुकारल्यावानी. दम न खाता. मी खाली काळोखात. मला वाटलं, ह्यो माणूस थांबला की मी मेले. थांबला न्हाय."

"हे तुम्ही त्यांना सांगितलंय?"

"लई येळा. पण त्यांच्या टकुऱ्यात एकच बसलंय, मी लांब उभा ऱ्हायलो."

"मग तुम्ही चारचौघांत पळायला पहिला नंबर म्हणता ते?"

काकू हसल्या. "आता नवऱ्याला न्हाय चिडवायचं तर काय कलेक्टरला चिडवायचं?"

निघताना अण्णांनी मला फाटकाशी गाठलं. आवाज माइकवरचा नव्हता. "भाऊ, ती ऐकायची न्हाय. तुमी मापाचा माणूस. तिथं गेल्यावर भिंतीची उंची बघा आन् मला सांगा. तिच्या दीडपट लांब मी उभा ऱ्हाईन. आन् तिला भिंतीच्या बाजूला उभी करा, म्होरं न्हाय. एवढं करा."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेशच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. अण्णा दाराकडेच बसले. लोहारा मागे पडला. नव्या वसाहतीतून गाडी गेली, सरळ रस्ते, सारखी घरं, ओट्यावर कडबा. पुढे जुनं गावठाण. तिथं पोचेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की हे एक साधं काम आहे, तासाभराचं. पण गाडीतून उतरलो आणि बाभळीतला तो शुकशुकाट अंगावर आला. दगडांच्या ढिगांमधून वाटा होत्या, त्या पूर्वीच्या गल्ल्या असणार. एका ढिगात जात्याचा अर्धा भाग दिसला. मी तिथून नजर काढली.

भिंत दीड माणूस उंच. रुंदी मोठी, दगडमातीची, वरून उघडी. मी माप अण्णांना सांगितलं. त्यांनी मनाशी काही हिशेब केला, आणि दीडपट नाही, तिपटीनं लांब, उघड्यावर जाऊन उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

आम्ही पहार, छिन्नी, करवत, ओली पोती बाहेर काढली. काकू मी दाखवलेल्या जागी, बाजूला उभ्या राहिल्या. काम सुरू झाल्यावर मात्र आम्हाला झाडाशिवाय काही दिसेना, हे मला आज कळतं. मुळांचा काय पसारा होता! एक डावीकडे दगडाला वळसा घालून आत शिरलेलं, एक खाली, एक वरच्या दगडांच्या सांध्यातून पार पलीकडे. महेश ते बघून लहान मुलासारखा खूश झाला. "काय आकार आहे! कुंडीत कसं दिसेल बघा!" ही मुळं तिथं काय करत होती, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. तीस वर्षं पावसानं माती धुऊन नेली होती आणि तेवढी वर्षं त्या मुळांनीच दगड शिवून धरले होते. आम्ही टाके उसवत होतो.

महेशनं एक जाड मूळ कापलं. झाड हाताला हललं. दुसरं कापलं. दगडांच्या सांध्यातून बारीक माती गळू लागली, फाटक्या पोत्यातून पीठ गळावं तशी. मी ती पाहिली. मला वाटलं, बरं झालं, मुळं मोकळी होतायत. झाड सुटतंय म्हणून काकू ओलं पोतं पसरून पुढे आल्या. बाजूला राहायचं ठरलं होतं, पण झाड येताना पाहून कोण बाजूला राहतं? त्या भिंतीच्या अगदी समोर, दोन्ही हात पुढे करून उभ्या.

जवळून भिंत दिसत नाही, फक्त दगड दिसतात. लांबून भिंत दिसते. वरची रांग आकाशाच्या रेषेपासून सरकली, ती एकट्या अण्णांना दिसली.

"गिरजा!"

मी तो आवाज ऐकला तेव्हा हाक कोणाला आहे हेही मला क्षणभर समजलं नाही. काकूंनी वर पाहिलं नाही, मागे पाहिलं नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. पोतं टाकलं, एका हातानं महेशची कॉलर धरली, दुसऱ्यानं माझं मनगट, आणि ओढलं. त्या हातांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही तिघं बाभळीच्या काट्यांत जाऊन पडलो आणि आमच्या मागे भिंत खाली आली.

खडीची ट्रॉली उलटावी तसा आवाज. मग धूळ. डोळ्यांत, तोंडात, नाकात. मला माझा हात दिसत नव्हता. आपण वाचलोय की अजून काही पडायचंय, हे कळायला मार्ग नव्हता, आणि मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नाही. त्या धुळीत फक्त एक आवाज होता. "गिरजा. गिरजा. गिरजा." सपाट, खणखणीत, दम न खाता. माझ्या शेजारी काकूंना खोकल्याची उबळ आली होती, त्यांना ओ देता येत नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं तर माती आत गेली.

आवाज मोठा होत गेला. मोठा म्हणजे जवळ येत होता. धूळ थोडी बसली तेव्हा मला अण्णा दिसले. भिंतीचा डावा कोपरा अजून उभा होता, वाकलेला, आणि त्याच्या खालून, पडलेल्या दगडांवर पाय देत ते येत होते. डोळे उघडे होते, पण समोरचं काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. मी हातानं खूण केली, लांबून या, लांबून. त्यांनी ती पाहिली नाही. आमच्यापर्यंत आले, काकूंच्या समोर थांबले, आणि तरीही दोनदा नाव घेतलं. मग बंद झाले.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "आता कशाला आलात?" म्हणाल्या. "पडायचं ते पडलं." आणि रडू लागल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

झाड दगडांवर आडवं पडलं होतं. वरचा भाग मोडलेला, बुंधा शाबूत. एका मुळानं एक दगड असा धरला होता की सुटेना. महेशनं करवत उचलली, पण अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ज्येनं धरलंय त्येचं त्येच्यापाशी." दगडासकट पिंपळ ओल्या पोत्यात गुंडाळला. परतताना गाडी मी चालवली. घरी हे सगळं मी बरेच दिवस बोललो नाही.

अण्णांची भीती त्या दिवशी गेली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. पळी टांगलेलीच राहिली. पुढच्या रविवारी वारा आला, ती वाजली, आणि अण्णा अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. मागोमाग आम्हीही. पिंपळ दगडासकट पसरट कुंडीत बसवला होता, तारेनं कुंडीला बांधून, सावलीत. होळीनंतर त्याच्या मोडल्या बुंध्यातून तांबूस पालवी फुटली. काकूंनी मला बोलावून दाखवली, पण लांबूनच. हलवू दिला नाही.

त्या उन्हाळ्यात काकूंचा दम वाढला. पत्र्याखाली त्यांना श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, ह्या घरात नको. लेक सोलापूरला, चौथ्या मजल्यावर. ती न्यायला तयारच होती. काकू म्हणाल्या, "ह्यांना चौथ्या मजल्यावर कोण चढवील? मी हितंच ऱ्हाते." अण्णांनी दोन दिवसांत सगळी झाडं मंडळात वाटून टाकली. माझ्या वाट्याला चिंच आली. कोणत्या झाडाला किती पाणी, हे प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं. पळी आणि ताट त्यांनी स्वतः सोडवून पिशवीत ठेवलं.

मी त्यांना सोडायला बसस्थानकावर गेलो. आता गाड्या यंत्रातला आवाज पुकारतो. अण्णा तो ऐकत उभे होते, आवडला की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. गाडी लागली. मी पुढे होऊन दाराजवळच्या सीटवर, मधल्या वाटेकडच्या बाजूला, त्यांच्यासाठी रुमाल टाकला. मला वाटलं, एवढं तरी आपण करू शकतो.

अण्णा चढले, रुमाल पाहिला, उचलून मला परत दिला, आणि स्वतः आत, खिडकीकडे सरकले. पिंपळाची कुंडी मांडीवर घेतली.

काकू पायरीवर थांबल्या होत्या, दम घेत. "आवो, तुमी हिकडं बसा की दाराकडं. आत कोंडल्यावानी हुईल तुमाला."

"गिरजा," अण्णा म्हणाले. गाडीतली चार माणसं वळून बघू लागली. "दाराजवळ तू बस."

काकू बसल्या. मी खाली उतरलो. कंडक्टरनं बेल दिली. खिडकीतून मला अण्णा दिसत होते, दोन्ही हातांनी कुंडीतला दगड धरलेले. त्यांनी आधी गाडीच्या टपाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग काकूंकडे. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते तिकडेच पाहत होते.